चांदीचा मुलामा असलेली जुनी वाढणीची भांडी: पारख, वापर आणि निगा

चंदेरी_किनार

भरीव चांदी जमवणाऱ्यांना मुलाम्याच्या भांड्यांचं फारसं कौतुक नसतं. ‘आत तांबं, वरून नुसता मुलामा’ एवढ्यावर विषय संपतो. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. रोज वाढायला घेता येतील, कुणाच्याही हातात निर्धास्तपणे देता येतील आणि तरीही ज्यांच्यात शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची कारागिरी आहे अशी भांडी हवी असतील, तर याच भांड्यांकडे वळावं. त्यांच्या कड्या, बिजागऱ्या, दुहेरी तळ, निघणाऱ्या मुठी हे सगळं वापरासाठीच केलेलं आहे आणि ते वापरल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात दोन मोठ्या कुळांपासून करते. पारख, निगा, दुरुस्ती सगळं यावरच ठरतं.

पहिलं कूळ जुन्या शेफील्ड प्लेटचं. तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा ठेवून योग्य तेवढं तापवलं की दोन्ही एकजीव होतात आणि मग लाटताना एकत्रच पसरतात, हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या थॉमस बोल्सओव्हरने 1743 च्या सुमारास हेरलं. तो सुऱ्या-चाकूंच्या धंद्यातला. या पत्र्यातून त्याने मुख्यतः बटणं आणि लहानसहान वस्तू केल्या. मोठी भांडी पुढे जोसेफ हॅनकॉकसारख्यांनी केली आणि बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात मॅथ्यू बोल्टनने या कामाला फार वरच्या दर्जावर नेलं. लक्षात ठेवायचं ते हे, की इथे मुलामा भांड्यावर चढवलेला नसतो. चांदी बसलेल्या पत्र्यातूनच भांडं घडवलेलं असतं.

दुसरं कूळ इलेक्ट्रोप्लेटचं. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी 1840 मध्ये याचं पेटंट घेतलं. जॉन राइट या तिथल्याच डॉक्टरने पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून चांदीचा थर नीट बसतो हे शोधलं होतं, ते या पेटंटच्या मुळाशी आहे. 1842 मध्ये फ्रान्ससाठीचे हक्क चार्ल्स ख्रिस्तोफ्लने घेतले. या पद्धतीत भांडं आधी पूर्ण घडवतात, सांधे जोडतात आणि मग द्रावणात सोडून विजेच्या प्रवाहाने त्यावर चांदी चढवतात. हे इतकं सोपं आणि स्वस्त पडलं की थोड्याच वर्षांत जुनी पद्धत मागे पडली.

हातात भांडं आलं की मी काय पाहते ते सांगते.

शेफील्ड प्लेटचा पत्रा कापला की कडेला तांब्याची लाल रेघ दिसते. ती झाकायला कारागीर कड आत वळवत किंवा तिथे चांदीची तार बसवत. म्हणून काठाच्या खालच्या बाजूने नख फिरवायचं. वळवलेली कड नखाला अडते. इलेक्ट्रोप्लेटमध्ये काठ अखंड लागतो.

पत्रा वाकवून केलेल्या भांड्याला सांधा असणारच. शेफील्ड प्लेटच्या किटलीवर किंवा पेल्यावर तिरप्या उजेडात ती बारीक उभी रेघ सापडते. इलेक्ट्रोप्लेटमध्ये सांध्यावरही चांदी चढलेली असल्याने ती बहुधा बुजते.

रंगातही फरक आहे. शेफील्ड प्लेटसाठी स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि बाकी मुख्यतः तांबं, वापरत. विजेने चढते ती जवळजवळ शुद्ध चांदी. त्यामुळे पहिली जरा उबदार, करडसर दिसते आणि दुसरी जास्त पांढरी. दोन भांडी शेजारी ठेवली की डोळा लवकर सरावतो.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण. शेफील्ड प्लेटवर घराण्याचं चिन्ह कोरायचं तर कोरणी खाली तांब्यापर्यंत जायची. म्हणून कोरायच्या जागी जाड चांदीची एक ढालीसारखी चकती बेमालूम बसवत. एरवी ती दिसत नाही. त्या जागेवर तोंडाची वाफ सोडा, क्षणभर तिची कड उमटते. ही खूण पहिल्यांदा दिसते तेव्हाचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही.

तुमच्याकडची भांडी, शंका, अनुभव, सगळं येऊ द्या.

सांजदिवा

सुंदर धागा! माझ्याकडे एक मोठा ट्रे आहे. खाली ‘ईपीएनएस ए१’ असं कोरलंय, शेजारी चौकटींत चार छोटी अक्षरं. घरात सगळे तो चांदीचा म्हणतात. नक्की काय समजायचं?

धातुवेडा

सांजदिवा, ईपीएनएस म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला मुलामा. निकेल सिल्व्हर, म्हणजेच आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तो मिश्रधातू, साधारण 60 टक्के तांबं आणि बाकी निकेल व जस्त असा असतो. त्यात चांदी नसते. त्याचा रंग मात्र चांदीच्या जवळचा, त्यामुळे वरचा थर झिजला तरी चटकन डोळ्यांत भरत नाही. म्हणून रोजच्या वापराला हा उत्तम. ‘ए१’ हा बनवणाऱ्याने स्वतःच लावलेला दर्जा आहे, सरकारी तपासणी नव्हे.

चौकटीतल्या अक्षरांनी फार लोक फसतात. अनेक कारखाने आपली आद्याक्षरं चांदीच्या हॉलमार्कसारखी दिसतील अशीच मांडत. खऱ्या इंग्लिश स्टर्लिंगवर चालता सिंह असतो आणि शहराचं चिन्ह असतं: लंडनचं बिबट्याचं मुंडकं, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा मुकुट (हा 1974 पर्यंत). शेफील्ड आणि बर्मिंगहॅमला चांदी तपासणारी कार्यालयं मिळाली 1773 मध्ये. तेव्हा चालता सिंह नसेल तर बाकी कितीही शिक्के असोत, आधी मुलामाच गृहीत धरायचा.

आणखी काही खुणा, एकदा लिहून ठेवतो.

ईपीबीएम म्हणजे ब्रिटानिया मेटलवरचा मुलामा. हा धातू मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. मऊ असतो, पोचा लगेच पडतो आणि अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळायलाच लागतो. या जातीची किटली चुकूनही शेगडीवर ठेवू नका. तळ बसला की दुरुस्तीला सहसा कोणी हात लावत नाही.

जर्मन काटे-चमच्यांवर ‘90’ असा आकडा असतो. विकणारे तो ‘नव्वद टक्के चांदी’ म्हणून सांगतात. त्याचा अर्थ असा, की 24 चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर, म्हणजे ढोबळमानाने जेवणाचे डझनभर चमचे आणि डझनभर काटे मिळून, 90 ग्रॅम चांदी चढवली आहे. जर्मन भरीव चांदीवर ‘800’ किंवा त्याहून मोठा आकडा असतो.

अमेरिकन ‘1847 रॉजर्स ब्रदर्स’ या शिक्क्यातलं साल त्या भांड्याचं नाही, ते नावातच आहे. विसाव्या शतकातल्या चमच्यांवरही तेच साल दिसतं.

नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर भांडं बहुधा 1891 नंतरचं. अमेरिकेच्या 1890 च्या आयात कर कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर ते सरसकट दिसू लागलं.

बनवणाऱ्यांमध्ये एल्किंग्टनच्या भांड्यांवर सालाचं सांकेतिक अक्षर किंवा अंक असतो, त्यामुळे वर्ष काढता येतं. वॉकर अँड हॉलची खूण छोटा झेंडा, जेम्स डिक्सन अँड सन्सची तुतारी. या दोघांच्या भांड्यांची वजनं हातात घेऊन पाहा, दर्जा म्हणजे काय ते कळेल.

लोहचुंबकाने चांदी ओळखायच्या फंदात पडू नका. चांदी, तांबं, नेहमीचं निकेल सिल्व्हर, ब्रिटानिया मेटल, काहीच चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे एवढंच कळतं.

रानफूल२

मी अगदी नवीन आहे. भांडी काळी पडली की सगळीकडे एकच उपाय सांगतात, अॅल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी. करून पाहिलं तर दोन मिनिटांत लख्ख! हा उपाय जुन्या मुलाम्याला चालतो का? आणि टूथपेस्ट?

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवतो म्हणून हा प्रश्न माझा.

काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, अंडं, कांदा, लोकर, रबर यांतलं गंधक चांदीला लागतं आणि वर काळा थर येतो. म्हणजे त्या काळ्या थरातही तुमची चांदीच आहे. घासून काढलात की ती कापडाबरोबर गेली. चांगल्या इलेक्ट्रोप्लेटवर चांदीचा थर असतो 20 ते 30 मायक्रॉन, साध्या मालावर त्याहून कितीतरी कमी. केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरा, म्हणजे आपण कशाला घासतोय याचा अंदाज येईल.

फॉइलच्या उपायात अॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागेवर परत मिळते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच क्रियेचा. कागदावर हे घासण्यापेक्षा चांगलं वाटतं. अडचणी अशा: परत आलेली चांदी गुळगुळीत बसत नाही, पृष्ठभाग किंचित मंद होतो आणि पुन्हा लवकर काळवंडतो. नक्षीच्या खाचांतला मुद्दाम ठेवलेला काळपटपणाही निघून जातो आणि नक्षी सपाट दिसायला लागते. मुलामा जिथे फुटलाय तिथून सोड्याचं गरम पाणी आत शिरतं. पोकळ मुठीच्या सुऱ्या, लाकडी किंवा हस्तिदंती मूठ, लॅकर (पारदर्शक रोगण) दिलेली भांडी यांना तर हा उपाय अजिबात नको. साध्या, भरीव, नक्षी नसलेल्या चमच्याला एखादवेळी चालेल.

बाटलीतलं बुडवायचं द्रावणही टाळा. त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतं. काळेपणा झटक्यात जातो, पण खाचांत राहिलेलं द्रावण पुढे डाग पाडतं.

टूथपेस्ट नको. तिच्यातले घासणारे कण दातांच्या इनॅमलसाठी ठरवलेले असतात आणि इनॅमल चांदीपेक्षा खूप कठीण. प्रेसिपिटेटेड चॉक, म्हणजे अतिबारीक शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, थोड्या शुद्ध पाण्यात कालवून मऊ सुती कापडाने हलक्या हाताने लावायचं. संग्रहालयांत काम करणारेही हे वापरतात. वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

मीठ हा वेगळाच शत्रू. ते काळं करून थांबत नाही, क्लोराइडमुळे धातूत खड्डे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. जुन्या मीठदाण्यांत काचेची वाटी बसवलेली असते, बरेचदा निळ्या काचेची, किंवा आतून सोन्याचा मुलामा असतो, तो यासाठीच. अंड्याच्या चमच्याच्या टोकाला सोनं देत तेही अंड्यातल्या गंधकामुळे.

चंदेरी_किनार

प्रयोगवही, फार मोलाचं लिहिलंत. याला जोडून माझं ठाम मत सांगते: रोज वापरलेलं भांडं सगळ्यात कमी पॉलिश मागतं. वापर, लगेच कोमट पाणी आणि सौम्य साबण, लगेच मऊ कापडाने कोरडं. या पुसण्यातच वर येऊ पाहणारा पातळ थर निघून जातो. कपाटात पडून राहिलेलं भांडं काळं होतं, मग जोर लावून घासलं जातं, आणि असं पुन्हा पुन्हा. बहुतेक भांड्यांचा मुलामा वाढताना जात नाही, तो घासण्यानेच जातो. नक्षीचे उंचवटे, ट्रेचा मधला भाग, चमच्याची पाठ इथे चांदी आधी संपते. चमच्याची पाठ टेबलावर घासून झिजते हे खरं, बाकी ठिकाणी हातच नडतो.

मावळतीचं_ऊन

चंदेरीताई, इथे थोडी असहमत. कधीतरीच वापरायची भांडीही नीट ठेवली तर फार काळी पडत नाहीत. माझी पद्धत: प्रत्येक नग आम्लविरहित टिश्यू कागदात, मग काळवंडण्याला अटकाव करणाऱ्या खास कापडाच्या पिशवीत. त्या कापडात चांदीचे सूक्ष्म कण असतात, हवेतलं गंधक ते आधी स्वतःकडे घेतात. सोबत सिलिका जेलची पुडी.

रबर बँड मात्र कधीही नको. डझनभर चमच्यांना बांधलेला रबर बँड कागदावरूनही काळी रेघ उमटवतो आणि ती कायमची राहू शकते. वर्तमानपत्र, लोकरीचं कापड, साधं फेल्ट लावलेला खण हेही वर्ज्य. ओक लाकडाच्या कपाटातूनही आम्लाची वाफ निघत राहते, चांदी त्यात बरी टिकते पण तिच्यासोबत शिसं किंवा जस्त असलेल्या वस्तू ठेवल्या असतील तर त्यांना ती बाधते.

चंदेरी_किनार

मान्य. रोज वापरणं सगळ्यांना आणि सगळ्या नगांना शक्य नाही. ठेवणीतल्या भांड्यांसाठी तुमचीच पद्धत योग्य. एक भर घालते: किटली आणि झाकणाचं कोणतंही भांडं ठेवताना झाकण किंचित उघडं ठेवा, आत ओल आणि वास कोंडत नाही.

पितळी_घंगाळ

माझा प्रश्न नव्याने मुलामा देण्याबद्दल. एक झाकणाचं पसरट भांडं मिळालंय, काठावर आणि झाकणाच्या उंचवट्यांवर तांबं लालसर दिसतंय. बाकी उत्तम. पुन्हा चांदी चढवून घेऊ का?

धातुवेडा

थांबा! आधी ते कुठल्या कुळातलं आहे ते ठरवा. वर चंदेरी_किनार यांनी सांगितलेलं नख काठाखाली फिरवा, सांधा शोधा, ढालीच्या जागी वाफ सोडून पाहा. शेफील्ड प्लेट असेल तर पुन्हा मुलामा देऊ नका, अगदी कोणी फुकट देत असलं तरी. ती लाली या भांड्यांचा स्वभाव आहे, संग्राहक ती आनंदाने स्वीकारतात. वर शुद्ध चांदीचा पांढराधोप थर आला की जुन्या पत्र्याचा रंग, सांध्याची रेघ, वाफेची खूण, सगळं एका दमात झाकलं जातं. भांड्याचं मोलही जातं आणि ते कसं घडवलं हे सांगणारा पुरावाही.

पितळी_घंगाळ

आत्ता पाहिलं. काठ नखाला अडत नाही, सगळीकडे सलग आहे. सांध्याची रेघही सापडत नाही. खाली शिक्का एकच, अर्धवट पुसलेला. झाकणाची मूठ फिरवली तर चक्क सुटून हातात आली!

धातुवेडा

मग तांब्यावरचं इलेक्ट्रोप्लेट दिसतंय. याला पुन्हा मुलामा द्यायला हरकत नाही, पण भांडं फार झिजलं असेल तरच. काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा: थर किती मायक्रॉनचा देणार, पोचे आधी काढणार का, आणि घासून गुळगुळीत करताना नक्षी किती उतरणार. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर भांडं परत घेऊन या. बरीचशी नक्षी मुलामा देताना जात नाही, त्याआधीच्या बफिंगच्या चाकावर जाते.

चंदेरी_किनार

आणि मूठ सुटली याचं वाईट वाटून घेऊ नका, ती सुटण्यासाठीच आहे! तुमच्याकडे आहे ती आंत्रे डिश. मूठ काढून झाकण उलटं ठेवलं की त्याचं दुसरं वाढायचं भांडं होतं, म्हणजे एका नगात दोन. अशी भांडी जोडीने किंवा चारच्या संचात करत, आणि कोणतं झाकण कोणत्या तळाचं हे कळावं म्हणून दोन्हींवर जुळणारे आकडे किंवा ठिपके कोरत. झाकणाच्या आतल्या काठावर आणि तळाच्या बाहेर शोधा. मुठीच्या खोबणीतही असतो.

याच घराण्यातली गरम पाण्याची डिश कुणाला मिळाली तर जरूर घ्या. दुहेरी तळ, कडेला बुचाचं छोटं तोंड. त्यातून गरम पाणी भरायचं, वरचा पदार्थ जेवण होईपर्यंत ऊबदार राहतो, वीज नको की मेणबत्ती नको. घेण्याआधी पाणी भरून कोरड्या कागदावर थोडा वेळ ठेवा, झिरपत असेल तर कागद सांगेल. वापरून झाल्यावर तोंड उघडं ठेवून पूर्ण निथळू द्या.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी माझ्या मते ट्रे, सॅल्व्हर (छोटे सपाट तबक) आणि वाढायचे मोठे चमचे यांपासून सुरुवात करावी. हलणारे भाग कमी, बिघडायला काही नाही, धुवायला सोपे. बिजागरीचं झाकण, तोटी, लाकडी मूठ असलेली किटली ही पुढची पायरी. तिच्यात बघायचं खूप असतं: झाकण सैल आहे का, तोटी जिथे अंगाला जुळते तिथे राखाडी सोल्डरचा (सांधा जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा) ओघळ दिसतो का, आत मुलामा शिल्लक आहे का.

दोन_घोट_चहा

किटलीचा विषय निघालाच आहे तर विचारते. आतला मुलामा गेलेला असेल तर त्यातलं प्यावं का? घरात लहान मुलं आहेत म्हणून काळजी.

प्रयोगवही

काळजी रास्त आहे. चांदीचा थर अखंड असेल तर प्रश्न नाही. आतलं तांबं उघडं पडलं असेल तर आंबट काहीही त्यात ठेवू नका: लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, फळांचे रस. आम्लात तांबं उतरतं. हिरवट डाग दिसला तर ते भांडं खाण्यापिण्याला बंद. निकेल सिल्व्हर उघडं पडलेला चमचा निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांना त्रास देऊ शकतो.

मला जास्त भीती जुन्या दुरुस्त्यांची वाटते. सांध्यावर मऊ, राखाडी, ओबडधोबड सोल्डर दिसलं तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. आतून असं सोल्डर असलेली किटली फुलांना किंवा शोभेला वापरा, मुलांच्या पेयाला नको. ट्रेवर, किंवा काचेची वाटी बसवलेल्या भांड्यात, अन्न धातूला लागतच नाही, त्यामुळे तिथे बिनधास्त.

दोन_घोट_चहा

धन्यवाद. आत पाहिलं, तळाशी तांबं दिसतंय आणि तोटीपाशी तसलंच राखाडी सोल्डरही आहे. आता फुलंच ठेवीन तिच्यात. दिसते मात्र इतकी देखणी!

आडवाट

किटल्यांची जाणकार मंडळी इथे आहेत म्हणून हे नाव घेतो: ब्रिटिश रचनाकार क्रिस्तोफर ड्रेसर. 1879 च्या आसपास त्याने हुकिन अँड हीथ आणि जेम्स डिक्सन अँड सन्स यांच्यासाठी मुलाम्याच्या किटल्या आणि इतर भांडी रेखाटली. आजूबाजूला सगळीकडे फुलं-वेलींचा भरणा असताना याच्या किटल्या म्हणजे शुद्ध भूमिती: गोल, कोन, सरळ काठीची मूठ. मूठ कुठे आणि किती कोनात असावी म्हणजे भरलेली किटली सहज ओतता येईल, याचा त्याने खोल विचार केला होता. अशा रचना त्याने स्वस्त मालावर, कारखान्यात होणाऱ्या मुलाम्यावर केल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलाम्याला दुय्यम म्हणणाऱ्यांनी संग्रहालयांतल्या ड्रेसरच्या किटल्या एकदा डोळे भरून पाहाव्यात.

रानफूल२

आडवाट, आत्ताच त्याच्या किटल्यांची चित्रं पाहिली. विश्वास बसत नाही की त्या एवढ्या जुन्या आहेत.

सांजदिवा

माझ्या ट्रेवर मधोमध कुणाची तरी अक्षरं कोरलेली आहेत, आमच्या घरची नाहीत. काढून घेता येतील का?

धातुवेडा

काढू नका. अक्षरं काढायची म्हणजे तिथला थर कोरणीच्या खोलीपर्यंत घासायचा, आणि मुलाम्यात तेवढी खोलीच नसते. खालचा धातू उघडा पडतो. मग पुन्हा मुलामा, मग मधला भाग पातळ होऊन दाबला की लचकतो. बाजारात अशा ‘साफ’ केलेल्या ट्रेंना ओळखायची रीत हीच: मध्यावर अंगठ्याने हलका दाब द्या, प्रतिबिंब हलताना पाहा. मला स्वतःला अनोळखी अक्षरं आवडतात. कुणाच्या तरी टेबलावर हा ट्रे होता, आता तुमच्या आहे.

मावळतीचं_ऊन

किटल्यांच्या मुठींबद्दल एक सावधगिरी. मूठ तापू नये म्हणून तिच्या दोन टोकांना पांढऱ्या चकत्या बसवलेल्या दिसतात, त्या बरेचदा हस्तिदंताच्या असतात. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या करारानुसार 1990 पासून बंद आहे. जुन्या वस्तूंना काही ठिकाणी सवलत मिळते, पण नियम देशागणिक वेगळे आणि कागदपत्रं लागतात. परदेशातून मागवणार असाल किंवा पाठवणार असाल तर आधी चौकशी करा, नाहीतर किटली सीमाशुल्कात अडकते. आणि अशी मूठ गरम पाण्यात बुडवू नका, चकत्या तडकतात.

रानफूल२

शेवटचा प्रश्न, खरंच. माशांसाठीच्या सुऱ्या-काट्यांचा संच घ्यावा की नको यावर घरात चर्चा चालू आहे. मुठी पोकळ वाटतात, एक हलते आहे. पाती मात्र सुरेख कोरलेली. आणि डिशवॉशरमध्ये चालतील का?

चंदेरी_किनार

घ्या, पाती चांगली असतील तर नक्की घ्या. या सुऱ्यांच्या पात्यांवर मुलामा देण्याचं कारण व्यवहारी होतं. गंजरोधक पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये आणलं. त्याआधीच्या साध्या पोलादाला लिंबाचा रस लागला की डाग पडायचे आणि पदार्थाला लोखंडी चव यायची. म्हणून मासे आणि फळं यांच्या सुऱ्यांना चांदीची किंवा मुलाम्याची पाती.

डिशवॉशर मात्र नाही. तिथली पावडर तीव्र, पाणी फार गरम, आणि स्टीलच्या चमच्यांना टेकून भिजत राहिलं की मुलाम्यावर डाग येतात. शिवाय तुमच्या मुठी. पोकळ मुठीत राळ किंवा तसलाच चिकट मसाला भरून पातं बसवलेलं असतं. उष्णतेने तो फुगतो, मऊ होतो आणि मूठ सुटते किंवा सांध्यावर उकलते. हलणारी मूठ बहुधा अशाच गरम पाण्याची बळी असणार. ती घरी सुपरग्लूने चिकटवू नका, पुढे कारागिराला ती उघडताच येत नाही. काम जाणणाऱ्याकडून जुना मसाला काढून पुन्हा भरून घ्या. तोवर ती एक बाजूला ठेवा आणि बाकीच्या वापरायला काढा. धुताना पातं खाली धरा, मूठ पाण्याच्या वर ठेवा आणि लगेच कोरडी करा.